जुन्या पुलाची पाहणी कशी करायची: सुरुवात डेकवरून नको, नदीतून करा

पुलांच्या पाहणीचे रिपोर्ट वाचायला घेतले की एकच साचा दिसतो. भरपूर फोटो असतात, त्यातले बहुतेक रस्त्यावर उभं राहून काढलेले, खड्डे, कठडा, रंग उडालेली रेलिंग, आणि शेवटी एक ओळ, "पूल एकंदरीत सुस्थितीत असून किरकोळ दुरुस्ती आवश्यक आहे". पाया कुणी बघितला का, बेअरिंगपर्यंत (खांबाच्या डोक्यावर गर्डर ज्या सरकत्या टेकूवर बसतो तिथपर्यंत) कुणी चढलं का, तडा किती रुंद आहे आणि मागच्या वर्षी किती होता, ह्यातलं काही नसतं. पूल पडतात ते पायाखालची माती गेल्यामुळं, बेअरिंग सुटल्यामुळं, सळई आणि केबल गंजल्यामुळं, आणि ह्यातलं काहीच डेकवरून (पुलाच्या वरच्या रस्त्यावरून) दिसत नाही.

हे लिहितोय ते नवीन शाखा अभियंत्यांसाठी, कन्सल्टंटकडं लागलेल्या पोरांसाठी, आणि ज्यांच्या गावचा रस्ता जुन्या पुलावरून जातो आणि ज्यांना रिपोर्ट हातात आल्यावर तो खरा आहे का बघायचंय त्यांच्यासाठी. डोळ्यासमोर पंचगंगा आणि तिच्या उपनद्यांवरचे पूल आहेत, तीस-चाळीस-पन्नास वर्षांचे काँक्रीटचे आणि त्याहून जुने दगडी कमानीचे. क्रम बदलू नका, खालून वर जायचं, कारण खाली काय दिसलं ह्यावर वर काय शोधायचं ते ठरतं.

## टप्पा १: तारीख बरग्यांवरून ठरवा

वर्षातून दोनदा पाहणी, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, हे सगळ्यांना पाठ आहे. पण आपल्याकडं एक जास्तीची अडचण आहे. पंचगंगा, भोगावती, कासारी, कुंभी सगळीकडं कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, आणि बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असतात तोपर्यंत मागं पाणी तुंबलेलं असतं. मे महिन्यात गेलात तरी खांबाचा पाय पाण्याखालीच. मग लोक "पाया पाण्याखाली असल्याने पाहणी शक्य झाली नाही" असं लिहून मोकळे होतात, आणि वर्षानुवर्षं तेच वाक्य पुढं कॉपी होत राहतं.

म्हणून पाहणी दोन भागात करा. बरग्यांमुळं पावसाळ्याआधीच्या फेरीत खालून वर हा क्रम मोडावा लागतो: पोटाखालचं, बेअरिंगचं आणि डेकचं काम एप्रिल-मे मध्ये उरकून घ्या. खांबांच्या पायाचं काम बरगे काढल्यापासून पहिलं मोठं पाणी येईपर्यंतच्या दिवसांत, हे दिवस फार थोडे असतात म्हणून पाटबंधारे विभागाकडून बरगे काढायची तारीख आधीच घेऊन ठेवा आणि माणसं, होडी, सामान तयार ठेवा. दुसरी फेरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, गळीत हंगामाची ऊस वाहतूक जोरात सुरू व्हायच्या आत.

ह्याशिवाय खास पाहणी: पाणी गर्डरला (डेक पेलणाऱ्या तुळईला) टेकलं, कठड्याला किंवा खांबाला वाहन धडकलं, मोठा ओव्हरडायमेन्शन ट्रेलर गेला, कोयनेच्या बाजूला जाणवण्याइतका भूकंपाचा धक्का बसला, की पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

थांबा: नदीत उतरायच्या दिवशी सकाळी पाटबंधाऱ्याला फोन केल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. वरच्या बंधाऱ्याचे बरगे निघाले किंवा धरणातून पाणी सोडलं तर पात्रातलं पाणी बघता बघता वाढतं.

## टप्पा २: आधी कागद

साईटवर जायच्या आधी एक पूर्ण दिवस कागदांना द्या. लागतात ते असे: जनरल अरेंजमेंट ड्रॉइंग (पुलाचा एकूण आराखडा), पायाची लेव्हल आणि पाया कशावर टेकलाय (खडक, मुरूम की वेल फाउंडेशन, म्हणजे विहिरीसारखा खोल उतरवलेला पाया), डिझाइनला धरलेली पूरपातळी आणि स्कवर लेव्हल (पुरात पात्र जिथवर खरवडेल असं धरलं ती पातळी), कुठल्या लोडिंगला डिझाइन केलंय, बेअरिंगचा प्रकार, आधीचे पाहणीचे रिपोर्ट, आणि झालेल्या दुरुस्त्यांची बिलं. बिलं मुद्दाम मागा. कुठल्या गाळ्याला (दोन खांबांमधल्या भागाला) कधी ग्राउटिंग (फटीत सिमेंटचं मिश्रण दाबून भरणं) केलं, कुठं जॅकेटिंग (बाहेरून नवं काँक्रीट चढवणं) केलं, डांबराचे थर किती वेळा टाकले हे बिलावरून कळतं, रिपोर्टवरून नाही.

जुन्या दगडी पुलांचं ड्रॉइंग बहुतेक वेळा मिळतच नाही. मग स्वतः टेप घेऊन मोजा आणि रेखाचित्र काढा, कमानीचा गाळा, उंची, कमानीच्या दगडाची जाडी, खांबाची रुंदी. हे एकदा केलं की पुढच्या सगळ्यांचं काम होतं.

पूरपातळीत एक चूक सारखी होते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरची पातळी आपल्याला तोंडपाठ असते, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, २०१९ आणि २०२१ ला ती ५५ फुटांच्या वर गेली होती. पण ते फूट म्हणजे त्या बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचे, तुमच्या पुलाच्या ड्रॉइंगमधली आरएल (ठरलेल्या बिंदूपासूनची उंची) वेगळी. पट्टीचा आकडा थेट रिपोर्टात घालू नका. जवळच्या घराच्या, देवळाच्या भिंतीवरची पुराची खूण शोधा, गावातल्या दोघा-तिघांना विचारून खात्री करा आणि लेव्हल लावून ती पुलाच्या बेंचमार्कशी (उंची माहीत असलेल्या पक्क्या खुणेशी) जोडा.

## टप्पा ३: सामान आणि माणसं

अर्धा किलोची हातोडी, वायर ब्रश, पाच मीटर आणि तीस मीटर टेप, ओळंबा, स्पिरिट लेव्हल, तडा मोजायचं क्रॅक कार्ड, फिलर गेज (फटीत घालून बघायच्या पातळ पाती), चांगला टॉर्च, दुर्बीण, थर्मामीटर, तेलखडू, ऑइलपेंट, बारा मिमीची दोन-अडीच मीटर लांब सळई, आणि वजन बांधून दर अर्ध्या मीटरला खूण केलेली दोरी. एक छोटी पाटी पण घ्या, प्रत्येक फोटोत गाळा नंबर आणि तारीख लिहून धरायला. पाटी नसलेला तड्याचा फोटो सहा महिन्यांनी कुठल्या गर्डरचा आहे हे तो काढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

वर चढायला मोबाईल ब्रिज इन्स्पेक्शन युनिट मिळालं तर उत्तमच, नाहीतर परांची. ड्रोन उपयोगी आहे पण त्याला हातोडी मारता येत नाही, हे लक्षात ठेवा. ड्रोनवरून जागा हेरायच्या, बघायचं हाताच्या अंतरावरूनच.

लाईफ जॅकेट, हेल्मेट, सेफ्टी बेल्ट, रिफ्लेक्टरचं जॅकेट, वर ट्रॅफिकसाठी कोन आणि झेंडीवाला. महामार्गावर काम असेल तर पोलिसांना आधी पत्र.

थांबा: परांची लावायच्या आधी दुर्बिणीनं प्रत्येक गाळ्याचं पोट बघून घ्या. आपल्या पुलांखाली आग्या मोहोळ हमखास असतं आणि हातोडीच्या पहिल्या दोन ठोक्यांत ते उठतं. मोहोळ असेल तर जाणकार माणूस बोलवून ते काढून घ्या आणि मगच त्या गाळ्याचं काम लावा.

## टप्पा ४: नंबर टाकणं

चेनेज (रस्त्यावरचं सुरुवातीपासूनचं अंतर) वाढत जातो त्या दिशेला तोंड करून उभं राहायचं, पहिला अबटमेंट (पुलाच्या टोकाची आधारभिंत) ए१, मग खांब पी१, पी२, शेवटी ए२. गाळे पण त्याच क्रमानं. गर्डर डावीकडून जी१, जी२, जी३. नदीची वरची बाजू कुठली, खालची कुठली हे रेखाचित्रावर बाणानं दाखवा. आधीच्या रिपोर्टात उलटे नंबर असतील तर तेच चालू ठेवा, नाहीतर तुलना करताना पी२ चा तडा पी५ ला जाऊन बसतो. नंबर ऑइलपेंटनं खांबावर पुराच्या पातळीच्या वर रंगवा. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि बहुतेक पुलांवर ते केलेलं नसतं.

## टप्पा ५: नदी आणि पाया

आता खरं काम. पुलाच्या वर आणि खाली निदान दोनशे-दोनशे मीटर काठानं चाला. मुख्य धार मधून वाहतेय की एका काठाला सरकलीय? गाळाचं बेट तयार होऊन त्यावर झुडपं आलीत का? वाळूउपसा, वीटभट्टीसाठी काठाची माती उचलणं असं काही चाललंय का? खांबांना जलपर्णी, ओंडके, ऊसाचा पाला अडकून ढीग झालाय का? काही गाळे गाळानं बुजले की सगळं पाणी उरलेल्या गाळ्यांतून जोरात जातं आणि त्याच खांबांचे पाय खरवडतात. दगडी पुलात हे जास्त होतं कारण तिथं गाळे लहान आणि खांब जाड.

मग प्रत्येक खांबाभोवती खोली मोजा. होडीतून, वजनाची दोरी सोडून: खांबाच्या वरच्या नाकाशी, दोन्ही कुशींना, खालच्या टोकाला, आणि दोन खांबांच्या मधोमध. पाण्याची पातळी बेंचमार्कशी जोडून सगळे आकडे आरएलमध्ये लिहा. नुसती "खोली ३ मीटर" लिहिली तर पुढच्या वर्षी पाणी कमी-जास्त असल्यावर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

आणि इथं सगळ्यात मोठी फसगत होते ती अशी की पूर जोरात असताना खांबाजवळ खड्डा पडतो, आणि पूर उतरताना पाणी मंदावलं की वाहून आलेला गाळ त्याच खड्ड्यात बसतो. ऑक्टोबरात तुम्ही दोरी सोडता, तळ जिथल्या तिथं लागतो, आणि तुम्ही लिहिता "खरवड नाही". म्हणून ती सळई. खांबाच्या नाकाजवळ ती दाबून बघा. मूळचा मुरूम किंवा घट्ट थर असेल तर सळई वीतभर पण जात नाही, करकर आवाज करून अडते. नव्यानं बसलेला गाळ असेल तर दोन हातांच्या जोरानं मीटरभर खाली जाते आणि वर काढल्यावर सळईला काळा चिखल चिकटलेला असतो. जिथं सळई अशी बुडते तिथं पुराच्या वेळी पाया तेवढा उघडा पडला होता असं धरून चाला आणि तो आकडा ड्रॉइंगमधल्या पायाच्या लेव्हलशी ताडून बघा.

आयआरसी ७८ (इंडियन रोड्स काँग्रेसचं पायाबद्दलचं मानक) प्रमाणं डिझाइन करताना खांबापाशी सरासरी स्कवर डेप्थच्या (खरवडीच्या खोलीच्या) दुप्पट खोल खरवड धरतात, अबटमेंटपाशी १.२७ पट. म्हणजे खांबाजवळ माती जाणार हे धरलेलंच असतं, प्रश्न इतकाच की धरल्यापेक्षा खाली गेली का.

खडकावर बसवलेला उथळ पाया असेल तर पाण्याखाली हात घालून, शक्य असेल तर पाणबुड्याकडून, पायाची कड तपासून घ्या. आपल्याकडं काळा पाषाण आहे म्हणून निर्धास्त राहू नका, वरचा थर बऱ्याच ठिकाणी मऊ मुरमाड असतो आणि कडेनं खालून पोखरला जातो. फ्लोअरिंग (पात्रात पुलाखाली केलेली फरशी) आणि कट-ऑफ वॉल (तिच्या कडेला खोल उतरवलेली भिंत) असलेल्या पुलाला खालच्या बाजूची कट-ऑफ वॉल आधी बघा, ती तुटली की पुढच्या एक-दोन पुरांत फ्लोअरिंग उखडतं.

तपासा: प्रत्येक खांबाला निदान चार आरएल, सळईचा आकडा, आणि मागच्या वेळचे आकडे शेजारी. एखादा खांब राहिला असेल तर, बरग्यांच्या पाण्याचा अपवाद सोडून, वर चढू नका.

## टप्पा ६: खांब आणि अबटमेंट

ओळंबा लावून खांबाचा कल दोन्ही दिशांना मोजा. आकडा मिमीमध्ये लिहा, किती उंचीत किती. मूळचा बांधकामातला कल असू शकतो, त्यामुळं एका वर्षाच्या आकड्यावर घाबरायचं नाही आणि एका वर्षाच्या आकड्यावर निश्चिंत पण व्हायचं नाही, बदल महत्त्वाचा.

पाणी वर-खाली होतं त्या पट्ट्यात काँक्रीट सगळ्यात जास्त झिजतं, वायर ब्रशनं शेवाळ काढून तिथं बघा. पियर कॅपवर (खांबाच्या डोक्यावरच्या काँक्रीटवर) बेअरिंगच्या खाली उभे तडे आहेत का ते बघा. दगडी खांबात सांध्यातला चुना धुऊन गेलाय का, एखादा दगड हलतोय का, दर्शनी थराला पोट आलंय का. पिंपळ, उंबर, वड उगवला असेल तर वरून छाटून उपयोग नाही, मूळ आत राहतं आणि पावसाळ्यात परत फुटतं. मूळ मारून मग सांधा भरायला हवा, आणि मूळ जाड होऊन दगड सरकले असतील तर ओढून काढू नका, दगड सोबत येतो.

अबटमेंट आणि रिटर्न वॉलची (अबटमेंटला जोडून मागं जाणाऱ्या भिंतीची) वीप होल (पाणी निघायची भोकं) बुजलीत का हे दोन मिनिटात कळतं. बुजली असतील तर मागं पाणी साठून भिंत पुढं ढकलली जाते, रिटर्न वॉलच्या कोपऱ्यात उभी फट पडते आणि वरचा अप्रोच (पुलाला जोडणारा रस्ता) खचतो.

## टप्पा ७: बेअरिंग

जुन्या पुलांत सगळ्यात दुर्लक्षित जागा. पियर कॅपवर प्रत्यक्ष चढल्याशिवाय बेअरिंगबद्दल एक शब्द लिहू नका.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात कॅपपर्यंत पाणी चढलेल्या पुलांवर गाळाचा थर बसतो. तो वाळला की सिमेंटसारखा घट्ट होतो आणि रोलर किंवा सरकती प्लेट त्यातच रुतून बसते. वरून कबुतरांची घाण, डांबराचे तुकडे, एक्सपान्शन जॉइंटमधून (गाळ्यांच्या टोकांमधल्या फटीतून) गळणारं पाणी. आधी हे सगळं खरवडून साफ करा, मग बघा. साफ न करता काढलेला बेअरिंगचा फोटो म्हणजे गाळाचा फोटो.

लोखंडी रोलर-रॉकर असेल तर: गंज किती, रोलर कुठल्या बाजूला किती कललाय, पिन आणि अँकर बोल्ट जागेवर आहेत का. रबरी बेअरिंग असेल तर: कडेला फुगवटा एकसारखा आहे का, रबर चिरलंय का, आतली पत्र्याची प्लेट दिसायला लागलीय का, तिरकं किती सरकलंय. आडवं सरकणं रबराच्या एकूण जाडीच्या ०.७ पटीच्या पुढं जाऊ नये. गर्डर आणि बेअरिंगच्या मध्ये फिलर गेज घालून बघा, पात सहज आत गेली तर ते बेअरिंग भार घेतच नाही आणि शेजारचं जास्तीचा भार घेतंय.

मोजताना तापमान लिहाच. तीस मीटरचा काँक्रीटचा गाळा तीस अंशांच्या फरकात साधारण ११ मिमी लांब-आखूड होतो. मे मधल्या दुपारी आणि जानेवारीतल्या सकाळी एकच बेअरिंग वेगळ्या जागी दिसणारच. उलट दोन्ही वेळा हुबेहूब एकाच जागी दिसलं तर ते जाम झालंय, आणि मग तो सगळा जोर खांबाच्या डोक्यावर येतो.

बेअरिंगखालचं पेडेस्टल (काँक्रीटचा ठोकळा) पण ठोकून बघा. गुजरातमधला गंभीरा पूल ९ जुलै २०२५ ला पडला, १९८५ चा पूल, तिथं प्राथमिक चौकशीत पेडेस्टल आणि आर्टिक्युलेशन (एक गर्डर दुसऱ्यावर टेकतो तो सांधा) चिरडल्याचं सांगितलं गेलं. ज्या पुलांत गर्डर गर्डरवरच टेकवलेला असतो तिथं हा खाचेतला सांधा वेगळा वेळ देऊन बघा, खाचेच्या आतल्या कोपऱ्यातून तिरका तडा निघालाय का ते आधी.

तपासा: वाहतूक चालू असताना कॅपवर दहा मिनिटं नुसतं बसून ऐका. ऊसाचा भरलेला डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर किंवा मल्टीॲक्सल जाताना ठोका ऐकू येतो का, गर्डरचं टोक उचलून आपटतंय का. बोट टेकवून ठेवलं तरी कळतं.

## टप्पा ८: गाळ्याच्या पोटाखाली

हातोडी इथं. एका टोकापासून फूट-फूट अंतरावर ठोकत जा. चांगलं काँक्रीट ठणठण वाजतं, आत थर सुटला असेल तर बद्द आवाज येतो. बद्द वाजणाऱ्या जागेभोवती तेलखडूनं रेघ मारा, आकार रेखाचित्रावर घ्या. पांढरे चुन्याचे ओघळ म्हणजे वरून पाणी झिरपतंय, त्यात तांबूस रंग मिसळला असेल तर सळई गंजायला लागलीय.

तडा दिसला की घाबरायच्या किंवा सोडून द्यायच्या आधी त्याची दिशा बघा:

- गर्डरच्या मध्यभागी खालून वर जाणारे बारीक उभे तडे आरसीसी (साध्या सळईच्या काँक्रीटच्या) गर्डरमध्ये असतातच, रुंदी ०.३ मिमीच्या आत असेल तर नोंद करून लक्ष ठेवा. प्रीस्ट्रेस्ड (आत ताणलेल्या केबल असलेल्या) गर्डरमध्ये मात्र असा तडा दिसणं हेच गंभीर.
- टेकूजवळ तिरके तडे म्हणजे शिअर (गर्डर कापला जाण्याचा ताण). त्याच दिवशी वरिष्ठांना फोन.
- सळईच्या दिशेनं लांबलचक तडा म्हणजे आत गंज फुगलाय. प्रीस्ट्रेस्ड गर्डरमध्ये केबलच्या रेषेवर असा तडा असेल तर केबल आणि ग्राउटिंग तपासल्याशिवाय पुढं जायचं नाही.

दगडी कमानीत कळीच्या दगडाजवळ आडवी फट, कमानीचा थर आणि वरची भिंत यांच्यात सुटलेली जागा, एखादा दगड खाली उतरलेला, हे शोधा.

बॉक्स गर्डर (आतून पोकळ, पेटीसारखा) असेल तर आत जायलाच लागतं, आत जायच्या आधी झाकणं उघडून हवा खेळू द्या आणि एकट्यानं जाऊ नका. आत साठलेलं पाणी आढळणं फार कॉमन आहे.

प्रत्येक मोठ्या तड्याच्या दोन्ही टोकांना आडवी खूण करून तारीख लिहा. तीन ठिकाणी रुंदी मोजा. संशय असेल तिथं तड्यावर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची पातळ पट्टी लावा आणि पट्टीवर तारीख कोरा, तडा जिवंत असेल तर पट्टी तडकते.

थांबा: तड्यावर पुट्टी किंवा सिमेंट फासून मग फोटो काढणं बंद करा. दुरुस्तीच्या आधीचा फोटो नसेल तर दुरुस्ती कशाची केली हेच कुणाला कळणार नाही.

## टप्पा ९: वरचा रस्ता

आता वर या. कठड्याला डोळा लावून सरळ रेषेत बघा, रेषा कुठं खाली झुकलीय किंवा बाहेर गेलीय का. एक्सपान्शन जॉइंटची फट दोन्ही कडांना आणि मध्ये मोजा, फट डांबरानं बुजवली असेल तर ती दुरुस्ती नव्हे, नुकसान आहे. पाणी जायचे स्पाउट माती आणि पाचटानं भरलेले असतात, ते तिथल्या तिथं उघडून घ्या.

खड्डा एकाच जागी दरवर्षी पडत असेल तर खालच्या रेखाचित्रावर ती जागा बघा, बहुतेक वेळा खाली बद्द आवाजाचा पट्टा सापडतो. म्हणजे स्लॅबच गेलाय, डांबर भरून काही होणार नाही.

डांबराची जाडी कडेला उकरून मोजा. थरावर थर टाकत जातात, कुणी हिशोब ठेवत नाही. साडेसात मीटर रुंद आणि तीस मीटर लांब गाळ्यावर ७५ मिमी जास्तीचं डांबर म्हणजे जवळपास ३७ ते ३९ टन वजन चोवीस तास पुलावर उभं. वर कठड्याची उंची तेवढी कमी होते ते वेगळंच. नवीन थर द्यायचा असेल तर आधी जुना मिलिंग करून (मशीननं खरवडून) काढायचा असं रिपोर्टात स्पष्ट लिहा. पुलाला लटकवलेल्या पाण्याच्या पाइपलाइन आणि केबल पण मोजा, गळकी पाइपलाइन गर्डर वर्षभर ओला ठेवते.

## टप्पा १०: टेस्ट, पण नकाशा झाल्यावर

टेस्टिंग एजन्सी आधी बोलवायची आणि त्यांनी हाताला येतील तिथं रीडिंग घ्यायची, हा उलटा क्रम आहे. तुमचा तडे आणि बद्द आवाजाचा नकाशा तयार झाला की त्यावर टेस्टच्या जागा तुम्ही ठरवा, काही खराब, काही चांगल्या, तुलनेसाठी.

रिबाउंड हॅमर (ठोक्याच्या उसळीवरून टणकपणा मोजणारं यंत्र) फक्त पृष्ठभागाबद्दल बोलतो. जुन्या पुलात कार्बोनेशनमुळं (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा काँक्रीटवर होणारा परिणाम) पृष्ठभाग टणक होतो आणि रीडिंग फुगून येतं, त्यामुळं शेजारी फिनॉल्फ्थॅलीन (रंग बदलणारं रसायन) मारून बघा, ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर गुलाबी झालं तर ठीक, रंगच आला नाही तर तिथपर्यंत कार्बोनेशन पोचलंय. ते कव्हरइतकं (सळईवरच्या काँक्रीटच्या थराइतकं) खोल गेलं असेल तर सळईचं संरक्षण संपलं. अल्ट्रासॉनिकमध्ये (काँक्रीटमधून ध्वनी किती वेगानं जातो त्या टेस्टमध्ये) सेकंदाला ३ किलोमीटरच्या खाली वेग आला तर काँक्रीट संशयास्पद धरतात. हाफ-सेलमध्ये (सळईचा विद्युत दाब मोजायच्या टेस्टमध्ये) कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडनं उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेलं तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर. एकट्या टेस्टवर निकाल देऊ नका, दोन-तीन एकाच गोष्टीकडं बोट दाखवत असतील तर मान्य करा.

कोअर (काँक्रीटचा दंडगोल नमुना) काढताना टेकूजवळचा शिअरचा भाग आणि प्रीस्ट्रेसच्या केबल टाळा, आधी कव्हरमीटरनं सळई शोधा. लोड टेस्ट आयआरसी एसपी ५१ प्रमाणं, टप्प्याटप्प्यानं भार, चोवीस तास ठेवायचा, काढल्यावर चोवीस तासांनी आरसीसीत ७५ टक्के आणि प्रीस्ट्रेस्डमध्ये ८५ टक्के बाक परत सरळ व्हायला पाहिजे. टेकूजवळ तिरके तडे असलेल्या किंवा पाया उघडा पडलेल्या पुलावर लोड टेस्ट घ्यायची नाही.

## टप्पा ११: नोंद आणि निर्णय

रिपोर्टात "गर्डरला किरकोळ तडे आहेत" असं लिहू नका. असं लिहा: "गाळा ३, गर्डर जी२, पी२ कडून ४.२ मीटरवर, खालच्या पृष्ठभागावर सळईच्या दिशेनं, लांबी १.१ मीटर, रुंदी ०.४ मिमी, गंजाचा डाग आहे, मागील ऑक्टोबरात लांबी ०.८ मीटर, तापमान ३४ अंश." हे वाचून कुणीही टॉर्च घेऊन थेट तिथं पोचतो.

मग प्रत्येक दोषाला तीनपैकी एक कप्पा: आजच, पावसाळ्याआधी, किंवा पुढच्या बजेटला. "आजच" मध्ये काय येतं ते आधीच ठरवून ठेवा, साईटवर दबावाखाली ठरवायला लागू नये. माझ्या मते हे येतं: पाया खालून पोकळ, गर्डर बेअरिंगवरून सरकलेला, टेकूजवळ वाढता तिरका तडा, कमानीचा दगड उतरलेला, केबल उघडी. अशा वेळी आधी कार्यकारी अभियंत्यांना फोन, लगेच लेखी, आणि जड वाहतूक बंद करायची शिफारस नाव-सही-वेळेसह. जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, पूल बंद करायचा आदेश तिथून निघू शकतो, म्हणून प्रत त्यांनाही. "जड वाहनांस बंदी" असा नुसता बोर्ड लावून ऊसाचे ट्रक थांबत नाहीत, दोन्ही टोकांना लोखंडी हाईट गेज (उंच गाडी अडवणारी चौकट) उभं करा, आणि एसटी आणि अग्निशमनच्या गाडीला पर्यायी रस्ता कुठला हे त्याच पत्रात लिहा.

## टप्पा १२: पुराच्या वेळी आणि पूर उतरल्यावर

महाडजवळचा सावित्रीवरचा जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, अंधारात गाड्या येतच राहिल्या. म्हणून पाणी ठरवलेल्या खुणेला टेकलं की दोन्ही टोकांना माणूस, बॅरिकेड आणि दिवा, दिवसापेक्षा रात्री तर आधीच. ती खूण पुलाच्या खांबावरच लाल रंगानं मारून ठेवा म्हणजे मैलकुलीलाही (रस्त्याची देखभाल करणाऱ्या मजुरालाही) निर्णय घेता येतो.

पाणी पुलावरून गेलं असेल तर पाणी उतरलं म्हणून लगेच पूल खुला करू नका. लोक टोकाला गाड्या लावून ओरडत असतात, तरी क्रम हाच: आधी दोन्ही अप्रोच चालत बघा, डांबराखालची माती वाहून जाऊन वर नुसतं कवच उरलेलं असतं, पहारीनं ठोकत जा. मग कठड्याची रेषा, मग जॉइंटच्या फटी पावसाळ्याआधीच्या आकड्यांशी, फट एका कडेला वाढली असेल तर गाळा सरकलाय. मग बेअरिंग. हे सगळं जुळलं तर आधी दुचाकी आणि कार, एका लेननं, जॉइंटपाशी माणूस बसवून, आणि त्या माणसानं दर तासाला फट मोजून वहीत लिहायची. जड वाहनं पायाची खोली मोजल्यावरच, आणि नदी पात्रात गेली की सळई घेऊन टप्पा ५ पूर्ण परत.